सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर आणि वेळ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यामध्ये नियमित विनाथांबा प्रवासी सेवा चालते आणि ती जगातील सर्वांत लांब पल्ल्याच्या सेवांमध्ये मोडते. या मार्गाविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न एकाच गैरसमजातून निघतात. अंतर कळले की वेगाने भागून वेळ काढता येईल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अंतर जमिनीवर ठरते आणि वेळ हवेत ठरतो, म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घेतलेल्या बऱ्या.

या दोन विमानतळांमधले अंतर नेमके किती आहे?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे १५,३४९ किलोमीटर आहे. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ ४०,०७५ किलोमीटर असल्याने हा एकच प्रवास त्या परिघाच्या जवळजवळ ३८ टक्के भरतो.

काही ठिकाणी ९,५३७ आणि काही ठिकाणी ८,२८८ असे आकडे दिसतात. यांपैकी खरा कोणता?

दोन्ही खरे आहेत, फक्त एकक वेगळे आहे. ९,५३७ हे रस्त्यावरचे साधे मैल आहेत आणि ८,२८८ हे सागरी मैल आहेत. साधा मैल सुमारे १.६०९ किलोमीटरचा, तर सागरी मैल बरोबर १.८५२ किलोमीटरचा असतो. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मोजण्याची पद्धत आहे. नुसते ‘मैल’ असे लिहिलेला आकडा दिसला, तर तो कोणत्या मैलांचा आहे हे आधी पाहावे, कारण या एका घोटाळ्याने अंतरात दोन हजार किलोमीटरांहून अधिक फरक पडू शकतो.

विमान कंपनीने १६,७०० किलोमीटर असा आकडा जाहीर केला होता. तो एवढा मोठा का?

सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील न्यूअर्क विमानतळासाठीची विनाथांबा सेवा पुन्हा सुरू करताना सुमारे १६,७०० किलोमीटर अंतर आणि जास्तीत जास्त १८ तास ४५ मिनिटे वेळ असे सांगितले होते. चांगी ते न्यूअर्क हे कमीत कमी अंतर मात्र १५,३४४ किलोमीटरच आहे. पहिला आकडा विमान ज्या वाटेने जाते त्या वाटेचा आहे आणि दुसरा भूमितीचा. अंतर सांगणारी साधने जवळजवळ नेहमी दुसराच आकडा देतात आणि तसे स्पष्ट लिहीत नाहीत. आमच्या मते गोंधळाचे मूळ तिथेच आहे. प्रत्यक्ष वाट रोज बदलते. आज १६,२०० किलोमीटर उडालेले विमान उद्या १६,६०० किलोमीटर उडू शकते आणि तरीही आजच्यापेक्षा लवकर पोहोचू शकते.

हे अंतर मोजतात कसे? आपल्यालाही मोजता येईल का?

येईल, आणि त्यासाठी शाळेतली त्रिकोणमिती पुरते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोलावर जे वर्तुळ उमटते त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग नेहमी त्या दोघांतून जाणाऱ्या बृहद्वृत्तावरच असतो. चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम येथे आहे. दोन्ही रेखांशांची बेरीज १७७.७७ अंश होते. हे आकडे सूत्रात घातले की पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन ठिकाणांमध्ये होणारा कोन १३७.९५ अंश येतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडतात आणि गुणाकार १५,३४० किलोमीटरच्या आसपास जातो.

हे उत्तर १५,३४९ पेक्षा थोडे कमी येते, कारण पृथ्वी हा अचूक गोल नाही. ध्रुवांपाशी ती किंचित चपटी असून विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडची ६,३५७ किलोमीटर आहे. हा चपटेपणा हिशेबात धरणारी पद्धत वापरली की उरलेले किलोमीटर भरून निघतात. दोन संकेतस्थळांवरच्या आकड्यांत आठ-दहा किलोमीटरांचा फरक आढळला, तर त्यामागे बहुधा एवढेच कारण असते, आणि प्रवाशाच्या दृष्टीने तो फरक एका मिनिटाहूनही कमी उड्डाणाचा आहे.

नकाशावर तर पॅसिफिक महासागर ओलांडून जाणारी रेषा सरळ दिसते. मग सर्वांत जवळचा मार्ग कुठून जातो?

जवळजवळ उत्तर ध्रुवावरून. भिंतीवरच्या सपाट नकाशाने आपल्या मनात रुजवलेल्या समजुती मोडायला या मार्गाइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. दोन शहरांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक आहे, म्हणजे एक शहर ज्या रेखावृत्तावर आहे त्याच्या जवळजवळ बरोबर पलीकडच्या रेखावृत्तावर दुसरे आहे. अशा वेळी सर्वांत जवळची वाट सिंगापूरहून उत्तरेकडे, तीही किंचित पश्चिमेला कलून, निघते. ती आग्नेय आशिया, चीन, मंगोलिया आणि सायबेरिया ओलांडते, उत्तर ध्रुवापासून सुमारे २८० किलोमीटरांवरून जाते आणि पलीकडे ग्रीनलंडचा वायव्य भाग, बॅफिन बेट आणि क्वेबेक यांवरून खाली न्यूयॉर्कला उतरते.

त्याहून मजेचा भाग असा, की विमानाने हट्टाने बरोबर ध्रुवबिंदूवरूनच जायचे ठरवले, तरी एकूण अंतर फक्त पाच-सहा किलोमीटरांनी वाढेल. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. दोरा आपोआप ध्रुवाकडे सरकतो. सपाट नकाशावर हे दिसत नाही, कारण नेहमीच्या मर्केटर प्रक्षेपणात ध्रुवाजवळचे प्रदेश अतोनात ताणले जातात आणि खुद्द ध्रुव तर त्या नकाशात मावतच नाही.

मग विमाने ध्रुवावरूनच का जात नाहीत?

कधीकधी आर्क्टिक प्रदेशावरून उड्डाणे होतात, पण या मार्गावर सर्वांत जवळची वाट आणि सर्वांत फायद्याची वाट यांची क्वचितच गाठ पडते. यामागे वाऱ्यांचे कारण सर्वांत मोठे आहे आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. इतर कारणेही हलकी नाहीत.

पहिले कारण इंधनाच्या गोठणबिंदूचे. जगात बहुतेक ठिकाणी विमानांत भरले जाणारे जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते, तर अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या जेट ए इंधनाचा गोठणबिंदू उणे ४० अंश आहे. म्हणजे सिंगापूरहून निघालेले विमान आणि न्यूयॉर्कहून निघालेले विमान यांच्या टाक्यांतले द्रव सारखे नसते, आणि परतीच्या प्रवासात अतिथंड हवेच्या पट्ट्यात तासन्‌तास राहणे अधिक जपून करावे लागते. हवेत घुसताना होणाऱ्या घर्षणाने आणि दाबाने पंखांचा पृष्ठभाग बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम राहतो, म्हणून इंधन लगेच गोठत नाही. तरीही तापमान फार उतरले, तर वैमानिकांना खालच्या उंचीवर यावे लागते किंवा वेग वाढवावा लागतो, आणि दोन्हींत इंधन जादा जळते.

दुसरे कारण संपर्काचे आणि सुरक्षिततेचे. विषुववृत्तावर स्थिर राहणारे दळणवळण उपग्रह साधारण ८२ अंश अक्षांशापलीकडे दिसेनासे होतात, तेव्हा तिथे अन्य यंत्रणा लागतात. अमेरिकेच्या हवाई नियमांत ७८ अंश उत्तर अक्षांशाच्या वरचा सगळा भाग ‘उत्तर ध्रुवीय क्षेत्र’ मानला जातो आणि तिथून जाण्यासाठी आणीबाणीत उतरण्याचे विमानतळ आधी निश्चित करणे, अडकलेल्या प्रवाशांना परत आणण्याची योजना असणे, अशा अटी आहेत. सूर्यावर मोठे वादळ उठले, तर रेडिओ संपर्क आणि किरणोत्सर्ग या दोन्ही कारणांनी ध्रुवीय मार्ग त्या दिवसापुरता सोडून दिला जातो.

तिसरे कारण हवाई हद्दीचे. भूमितीच्या मार्गाचा मोठा तुकडा रशियावरून जातो आणि तो सध्या अनेक कंपन्यांसाठी वापरात नाही.

प्रवासाला एकूण किती वेळ लागतो?

वेळापत्रकात दोन्ही दिशांना साधारण साडेअठरा ते एकोणीस तासांच्या दरम्यानचा वेळ धरलेला असतो आणि तो हंगामाप्रमाणे थोडा मागेपुढे होतो. प्रत्यक्षात काही उड्डाणे याहून बरीच लवकर पोहोचतात. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सिंगापूरहून न्यूअर्कला निघालेले पहिले उड्डाण १७ तास ५२ मिनिटांत पूर्ण झाले होते.

विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने १७ तास व्हायला हवेत. उरलेला दीड तास कुठे जातो?

भागाकार बरोबर आहे, पण त्यात तीन गोष्टी सुटल्या आहेत.

लांब पल्ल्याची विमाने ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ८५ टक्के वेगाने जातात. ११ किलोमीटर उंचीवर, जिथे हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरांवर येतो आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे सुमारे ९०० किलोमीटर. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नव्हे. शिवाय उंची गाठेपर्यंत आणि उतरताना विमान या वेगाने जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रकातला वेळ. तो विमानाने प्रस्थानाची जागा सोडल्यापासून आगमनाच्या जागी थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर आपल्या जागेपर्यंत येणे हे सगळे त्यात धरलेले असते. केनेडीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर गर्दीच्या वेळी यातच अर्धा-पाऊण तास निघून जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे वाट मुळात १५,३४९ किलोमीटरांची नसून त्याहून हजारभर किलोमीटर लांब असते. हे तिन्ही एकत्र केले की दीड तास कुठे गेला असे विचारण्याऐवजी तो एवढाच कसा गेला, असे विचारावेसे वाटते. त्याचे उत्तर वाऱ्यात आहे.

वाऱ्याचा एवढा काय परिणाम होतो?

मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि वेगवान वायुप्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे ते निर्माण होतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळतात. जपानच्या परिसरात ते विशेष जोरकस असतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरांच्याही पुढे जातो. या वाऱ्यांची पहिली पद्धतशीर मोजमापे १९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून केली होती. ओइशींनी आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला. जगाने वाचावा म्हणून निवडलेली ही भाषा जगाला फारशी वाचता येत नव्हती आणि तो अहवाल दुर्लक्षितच राहिला. दुसऱ्या महायुद्धात जपानकडे जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना या वाऱ्यांशी पुन्हा नव्याने झुंजावे लागले.

आता आपल्या मार्गाचा हिशेब पाहू. सिंगापूरहून टोकियोवरून न्यूयॉर्कला गेले, तर अंतर ५,३६० आणि १०,८३० मिळून सुमारे १६,१९० किलोमीटर होते, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा सुमारे ८४० किलोमीटर जास्त. शांत हवेत ध्रुवाकडची वाट ताशी ९०० किलोमीटरांनी १७ तास ३ मिनिटांची होईल. जपानकडच्या लांब वाटेवर पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची सरासरी मदत ताशी केवळ ५० किलोमीटर मिळाली, तरी ती वाटही जवळजवळ तेवढ्याच वेळात संपते. मदत त्याहून वाढली की लांबची वाट लवकर पोहोचवणारी ठरते. हिवाळ्यात पॅसिफिकवर ही मदत ५० किलोमीटरांवर थांबत नाही. म्हणूनच सिंगापूरहून निघालेले विमान बहुधा जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक ओलांडून, अलास्का किंवा कॅनडाच्या बाजूने अमेरिकेत शिरते.

जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळांत फारसा फरक का नसतो?

लंडन-न्यूयॉर्कसारख्या मार्गावर जाणे आणि येणे यांत तासाभराहून अधिक फरक पडतो, कारण दोन्ही वेळा विमान त्याच अटलांटिकवरून जाते. तिथे एकदा वारा पाठीशी असतो आणि एकदा समोर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेल्या एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ५ तासांच्या आत, ४ तास ५६ मिनिटांत, कापले होते. उलट दिशेने असे घडणे शक्य नाही.

सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गाची गंमत अशी, की दोन शहरे जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर असल्याने पूर्वेकडून गेले काय आणि पश्चिमेकडून गेले काय, अंतरात फार मोठा फरक पडत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कहून परतताना विमान पॅसिफिकवरच्या वाऱ्याशी भांडत बसण्याऐवजी पुन्हा पूर्वेकडेच निघू शकते आणि अटलांटिक, युरोप व पश्चिम आशिया अशा वाटेने सिंगापूर गाठू शकते. ज्या दिवशी असे होते, त्या दिवशी जाऊन-येऊन केलेल्या प्रवाशाची नकळत पृथ्वीप्रदक्षिणा घडलेली असते. परतीच्या वाटेत अखेरचा बराच भाग उष्ण कटिबंधावरून जातो आणि तिथे जेट प्रवाहाची मदत मिळत नाही, म्हणून परतीचा वेळ अनेकदा थोडा जास्त भरतो.

वाट रोज कोण ठरवते?

कंपनीचा उड्डाण नियोजन विभाग. निघण्याच्या काही तास आधी वाऱ्यांचा अंदाज, हवाई हद्दींचे शुल्क आणि निर्बंध, विमानाचे वजन आणि हवामान यांचा हिशेब करून कमीत कमी खर्चाची वाट संगणकाकडून काढली जाते. विमान आणि वैमानिक यांच्या मर्यादांत ती बसते का, हे पाहून ती मंजूर होते.

रशियाची हवाई हद्द टाळल्याने कितपत फरक पडतो?

या मार्गावर पूर्वेकडे जाताना फारसा नाही, कारण चांगल्या वाऱ्याची वाट तशीही रशियाच्या दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून जाते. पण सर्वच मार्गांचे नशीब असे नाही. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर फिनलंडच्या फिनएअर कंपनीच्या हेलसिंकी-टोकियो उड्डाणाचा वेळ सुमारे साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला आणि ती विमाने काही वेळा ध्रुवावरून वळसा घेऊ लागली. दोन शहरांमधले अंतर एका मीटरनेही बदलले नाही, तरीही प्रवास एक तृतीयांशाहून अधिक लांबला. अंतराच्या आकड्यावरून वेळेचा अंदाज बांधू नये, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

सोमवारी रात्री निघालो, तर कोणत्या दिवशी पोहोचू?

सिंगापूर समन्वित वैश्विक वेळेच्या (यूटीसी, म्हणजे जगभरच्या घड्याळांची संदर्भवेळ) ८ तास पुढे आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास आणि उन्हाळी वेळ लागू असताना ४ तास मागे असते. म्हणून सिंगापूर न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात १२ तास आणि हिवाळ्यात १३ तास पुढे असते.

सोमवारी रात्री साडेअकराला सिंगापूरहून निघालेले विमान साडेअठरा तासांनी उतरते, तेव्हा सिंगापुरात मंगळवारचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी मंगळवारचीच पहाट असते. तिथे उन्हाळी वेळ असेल तर सकाळचे सहा, नसेल तर पाच वाजलेले असतात. म्हणजे कागदावर हा प्रवास साडेपाच-साडेसहा तासांचाच दिसतो. उलट दिशेने मात्र उन्हाळ्यात सोमवारी रात्री दहाला न्यूयॉर्क सोडले, तर सिंगापूरला बुधवारी पहाटे साडेचारला पोहोचणे होते आणि मंगळवार आकाशातच संपतो. परतीच्या दिवशी हॉटेलचे आरक्षण करताना किंवा पुढचे विमान गाठताना होणाऱ्या चुका बहुतेक याच जागी होतात.

विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतच नसेल, तर तारीख बदलते कशी?

वाररेषा ओलांडणे ही तारखेची बेरीज-वजाबाकी जुळवण्याची केवळ एक रीत आहे. युरोपमार्गे पूर्वेकडे जाताना विमान वाररेषा ओलांडत नाही, पण एकामागून एक प्रमाणवेळा ओलांडत घड्याळ १२ किंवा १३ तास पुढे नेते. पॅसिफिकमार्गे पश्चिमेकडे जाताना घड्याळ ११ किंवा १२ तास मागे येते आणि वाररेषेवर एक पूर्ण दिवस पुढे जातो. दोन्ही वाटांनी सिंगापूरला उतरल्यावर भिंतीवरची तारीख एकच असते.

मार्च आणि नोव्हेंबरमध्ये वेळापत्रकातल्या वेळा एका तासाने का सरकतात?

सिंगापुरात उन्हाळी वेळेची पद्धत नाही. अमेरिकेत ती २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. जागतिक विमानवाहतुकीचा उन्हाळी हंगाम मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी हंगाम लागतो. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत जुने वेळापत्रक आणि नवे घड्याळ एकत्र नांदतात. त्या आठवड्यांत तिकिटावरची वेळ पुन्हा एकदा तपासावी, तीही तिथल्या स्थानिक वेळेने.

या मार्गावर कोणते विमान वापरतात? साधे विमान एवढे लांब उडू शकत नाही का?

एअरबस ए३५०-९०० या विमानाची अतिलांब पल्ल्याची आवृत्ती वापरली जाते. तिच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते, तर मूळ रचनेत ही क्षमता सुमारे १,४१,००० लिटर होती. उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २८० टन असून टाक्या भरल्या तर त्यातले सुमारे १३० टन निव्वळ इंधनच असते. उत्पादकाने सांगितलेला पल्ला सुमारे १८,००० किलोमीटर आहे.

एवढे इंधन उचलायचे तर दुसरीकडे वजन कमी करावे लागते. म्हणून या विमानात फक्त १६१ आसने आहेत. त्यांपैकी ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी वर्गाची असून साधा इकॉनॉमी वर्ग नाही. याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५०-९०० मध्ये २५३ आसने असतात. तिकीट महाग का, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेले निम्मे असे, की अखेरच्या तासांत लागणारे इंधन आधीचे पंधरा-सोळा तास वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते. विमान जड असताना ते ३१,००० ते ३३,००० फुटांवरून उडते आणि इंधन संपत जाईल तसे पायरीपायरीने ४०,००० फुटांच्या आसपास चढते, तेही याच कारणाने.

याआधी, २००४ ते २०१३ या काळात, सिंगापूर ते न्यूअर्क मार्गावर चार इंजिनांचे ए३४०-५०० विमान उडत होते. पुढे त्यात केवळ १०० बिझनेस आसने ठेवली गेली, तरी इंधनाचा खर्च पेलला नाही आणि सेवा थांबली. दोन इंजिनांच्या काटकसरी विमानाने ती पुन्हा शक्य केली. केनेडी विमानतळासाठीची विनाथांबा सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, सुरू झाली.

दोनच इंजिने असलेले विमान समुद्रावरून एवढे दूर जाणे सुरक्षित आहे का?

होय. एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एका इंजिनावर किती मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, याची मर्यादा प्रत्येक विमानप्रकाराला घालून दिलेली असते. ए३५०-९०० ला युरोपीय नियामकाने २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता दिली. उत्तर पॅसिफिकच्या वाटेवर एवढी मोकळीक सहसा लागतही नाही.

वैमानिक सलग अठरा तास जागे असतात का?

नाही. विमानात चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने झोपतात. त्यासाठी प्रवाशांच्या कक्षापासून वेगळी बिछान्यांची जागा असते. उड्डाण आणि अवतरण यांची जबाबदारी कोणाकडे आणि विश्रांती कोणी कधी घ्यायची, हे आधीच ठरवलेले असते.

मध्ये थांबा घेऊन गेलो, तर किती वेळ लागेल?

फ्रँकफुर्टमार्गे गेल्यास सुमारे १०,२९० आणि ६,२०० असे मिळून जवळजवळ १६,५०० किलोमीटर होतात. कागदावरचे अंतर फक्त अकराशे-बाराशे किलोमीटरांनी वाढते, पण वाऱ्याची बाजू उलटते, मध्ये उतरून पुन्हा चढावे लागते आणि दोन तासांचा थांबा धरला तरी एकूण वेळ २४ तासांच्या आसपास जातो. विनाथांबा प्रवासाने पाच-सहा तास वाचतात. सलग अठरा तास बसून राहणे ज्यांना शरीराने झेपत नाही, त्यांच्यासाठी मात्र थांब्याचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

केनेडीऐवजी न्यूअर्कला उतरले तर अंतर कमी होते का?

पाच किलोमीटरांनी, म्हणजे वीस सेकंदांनी. न्यूयॉर्क शहरात नेमके कुठे जायचे आहे, हे पाहून निवड करावी. दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर अंतर आहे आणि त्यांच्यामध्ये ते आख्खे शहर पसरलेले आहे.

तासभर उशिरा निघालेले विमान वेळेवर कसे पोहोचते?

वेळापत्रकातला वेळ वर्षातल्या बऱ्याच दिवसांना पुरेल असा थोडा सैल ठेवलेला असतो. वारा अनुकूल असला तर तो सैलपणा शिल्लक राहतो आणि उशीर त्यात जिरतो. वेग वाढवून भरून काढता येणारा वेळ मात्र फार थोडा असतो. ध्वनीच्या ८५ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेल्यास अठरा तासांत बारा-तेरा मिनिटे वाचतात, आणि त्यासाठी जळणारे जादा इंधन एवढ्या लांबच्या उड्डाणात सहज परवडणारे नसते.

याहून लांबचे विनाथांबा उड्डाण होऊ शकेल का?

होऊ शकेल. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१९ मध्ये मोजक्या लोकांना घेऊन न्यूयॉर्क ते सिडनी हे अंतर १९ तास १६ मिनिटांत पार केले, आणि लंडन-सिडनी अशा नियमित सेवेसाठी २०२२ मध्ये १२ ए३५०-१००० विमानांची मागणी नोंदवली. लंडन आणि सिडनी यांच्यातले कमीत कमी अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. त्याच्याही बरेच आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, बोइंगच्या ७७७-२०० एलआर विमानाने प्रात्यक्षिक म्हणून हाँगकाँगहून पूर्वेकडे निघून, पॅसिफिक, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडत २१,६०२ किलोमीटरांवर लंडनला अवतरण केले होते. त्या उड्डाणाला २२ तास ४२ मिनिटे लागली. पृथ्वीवरचे कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून २०,००० किलोमीटरांच्या फार पलीकडे असूच शकत नाहीत, कारण त्यापुढे गेले की उलट बाजूने अंतर पुन्हा कमी होऊ लागते.